कॅमेरा आधी, रंग नंतर

गेल्या अंकात रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचं खऱ्यासारखं दिसणारं चित्र, काढण्यापूर्वी मॉडेलमध्ये काय काय तपासावं, याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत लाइट आणि मटेरियलपेक्षा कॅमेऱ्याचीच, म्हणजे मॉडेल कुठून पाहायचं याचीच, विचारणा जास्त आहे. व्ह्यू हलतो, दोन चित्रं जुळत नाहीत, लॅपटॉपवर वेगळं दिसतं आणि ऑफिसच्या मशीनवर वेगळं. मला याचा आनंद झाला. मटेरियल कधीही बदलता येतं, पण चुकीच्या जागेवरून पाहून घेतलेला निर्णय घर बांधून झाल्यावर कळतो. म्हणून या वेळी सगळी जागा कॅमेऱ्यालाच दिली आहे. बहुतेक पत्रं स्केचअप हे त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची आहेत, त्यामुळे उत्तरंही तिथलीच.

प्रश्न : मॅडम, एका फ्लॅटच्या हॉलचे दोन पर्याय केले. एकात टीव्ही युनिटला सागाचं व्हिनिअर, दुसऱ्यात फिकट लॅमिनेट. बाकी सगळं तेच. चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर घरातल्या काकू म्हणाल्या, "दुसरं बरं वाटतंय, हॉल मोठा दिसतो." हॉल एकच आहे! माझ्या मते दोन्ही चित्रं मी एकाच अँगलने काढली होती. हे नेमकं कसं जमवायचं?
– इंटिरिअर डिझायनर, सांगली

उत्तर : काकूंची नजर बरोबर आहे. दुसऱ्या चित्रात त्यांना हॉल मोठा दिसला, कारण तो तसा काढला गेला होता. ऑर्बिट (भोवती फिरवणं) आणि पॅन (बाजूला सरकवणं) करत हाताने जुळवलेला अँगल डोळ्याला सारखा वाटतो, पण कॅमेरा सहा इंच वर आणि फूटभर मागे गेला की लादी जास्त दिसते, सोफ्यापुढची मोकळी जागा वाढते आणि खोली ऐसपैस वाटायला लागते. तुम्ही विचारलं होतं लाकडाविषयी. त्यांनी उत्तर दिलं ते जागेविषयी, आणि आता लॅमिनेट लागणार.

स्केचअपमध्ये सीन, म्हणजे नाव देऊन साठवलेला व्ह्यू, करताना एकाच वेळी बऱ्याच गोष्टी साठवल्या जातात : कॅमेऱ्याची जागा, लपवलेल्या वस्तू, कोणते टॅग (वस्तू एकदम दाखवायला-लपवायला लावलेली लेबलं) दिसतात, चालू असलेला सेक्शन (मॉडेलचा छेद), स्टाइल (रेषा-रंगांची शैली), सावल्या, अक्षांची जागा. सीन पॅनेलमध्ये तपशील उघडलेत, तर यातल्या प्रत्येकासमोर टिक दिसेल. बहुतेक जण या टिकांना कधी हातच लावत नाहीत. सगळा त्रास तिथूनच सुरू होतो.

माझी पद्धत सांगते. मी सीनचे दोन वेगळे गट करते. पहिल्या गटाच्या सीनमध्ये फक्त कॅमेऱ्याची टिक ठेवते, बाकी सगळ्या काढते. त्यांची नावं "क" ने सुरू होतात : क-हॉल-दारातून, क-हॉल-सोफ्यावरून, क-स्वयंपाकघर. दुसऱ्या गटात उलटं. तिथे कॅमेऱ्याची टिक काढलेली, टॅग, स्टाइल आणि सावल्यांच्या ठेवलेल्या. त्यांची नावं "प" ने : प-साग, प-लॅमिनेट. आता "क-हॉल-दारातून" वर क्लिक केलं की कॅमेरा जागेवर जातो, टीव्ही युनिट आहे तसंच राहतं. मग "प-साग" वर क्लिक केलं की कॅमेरा तसूभरही हलत नाही, फक्त साग दिसतो. "प-लॅमिनेट" केलं की त्याच जागेवरून लॅमिनेट. आता काकूंना दाखवा.

हे चालण्यासाठी एक तयारी लागते. टीव्ही युनिटच्या दोन प्रती ठेवायच्या, प्रत्येकीचा वेगळा ग्रुप (एकत्र बांधलेला संच), आणि त्या ग्रुपना वेगवेगळे टॅग. एकाच युनिटचं मटेरियल बदलत बसलात, तर सीनला ते कळणार नाही, कारण मटेरियल सीनमध्ये साठत नाही. टॅग मात्र साठतात. आणि हेही माहीत असू द्या : सीन करून झाल्यावर नवा टॅग काढला, तर तो आधीच्या सगळ्या सीनमध्ये दिसायला लागतो. म्हणून आदल्या दिवशी केलेल्या "प-साग" मध्ये दुसऱ्या दिवशी अचानक तिसरं युनिट उगवतं. अशा वेळी पॅनेलमध्ये त्या त्या "प" सीनवर जायचं, नको तो टॅग बंद करायचा आणि अपडेट करायचं. पॅनेलमधल्या अपडेटच्या बटणाने काय काय बदलायचं याची यादी समोर येते. त्या यादीत कॅमेऱ्याची टिक नाही ना, हे पाहूनच पुढे जायचं. शिफ्ट धरून बरेच सीन एकदम निवडले, तर एका फटक्यात सगळे अपडेट होतात. ही सोय फार कामाची आहे, पण कॅमेऱ्याची टिक राहून गेली, तर सगळे सीन एकाच जागी जाऊन बसतात.

आता मूळ मुद्दा : कॅमेरा ठेवायचा कुठे? हे मी मॉडेलमध्ये भिंती उभ्या राहिल्या की लगेच ठरवते, एकही रंग देण्यापूर्वी. घरातला माणूस कुठे उभा राहतो, कुठे बसतो, हे प्लॅनवर पाहते. हॉलमध्ये सहसा दोनच जागा खऱ्या असतात, मुख्य दार आणि सोफा. छताच्या कोपऱ्यातून पंख्याच्या पातीखालून काढलेला व्ह्यू सुंदर दिसेल, पण तिथून ते घर कुणीच पाहणार नाही.

जागा ठरली की तिथे जमिनीवरून एक उभी रेघ काढते, साडेचार फुटांची. जिकडे पाहायचं त्या भिंतीपाशी दुसरी रेघ, तीही बरोबर साडेचार फुटांची. दोन्ही रेघा "कॅमेरा-खुणा" नावाच्या टॅगमध्ये. मग पोझिशन कॅमेरा टूल घ्यायचं आणि पहिल्या रेघेच्या वरच्या टोकावर दाबून दुसऱ्या रेघेच्या वरच्या टोकापर्यंत ओढत न्यायचं. नुसतं क्लिक केलं, तर स्केचअप क्लिक केलेल्या जागेपासून स्वतःची उंची धरतं, मूळ सेटिंगमध्ये ती ५ फूट ६ इंच असते. ओढलं, तर कॅमेरा नेमका टोकावर बसतो आणि नेमका दुसऱ्या टोकाकडे पाहतो. दोन्ही टोकं एकाच उंचीवर असल्यामुळे नजर सरळ आडवी राहते. म्हणून दारं, खिडक्या, कपाटाच्या कडा काटकोनात उभ्या दिसतात, त्या वर जाताना आत झुकत नाहीत. उभ्या रेषा सरळ करण्यासाठी टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह आहेच, पण तो चालू असताना चुकून ऑर्बिट केलं की निघून जातो. रेघांचा कॅमेरा सहा महिन्यांनी पुन्हा हवा झाला, तरी त्याच टोकांवरून जसाच्या तसा मिळतो.

सोफ्यावरच्या व्ह्यूसाठी रेघ पावणेचार फुटांची पुरे. बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात.

शेवटी मॉडेल इन्फोमध्ये अ‍ॅनिमेशनच्या पानावर सीन ट्रान्झिशन बंद करा. नाहीतर एका सीनवरून दुसऱ्यावर जाताना कॅमेरा तरंगत गेल्यासारखा वाटतो आणि पाहणारा त्या हालचालीतच अडकतो. ट्रान्झिशन बंद असलं, की पेज अप आणि पेज डाउनने चित्र जागच्या जागी पालटतं. काकूंना समोर बसवून दोन-तीन वेळा पालटून दाखवा, लाकूड आपोआप बोलेल.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांना दाखवण्यासाठी, ७ बाय ९ फुटांच्या स्वयंपाकघराचा व्ह्यू काढायचा आहे. कॅमेरा आत ठेवला तर फक्त ओटाच दिसतो, आणि फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्याला दिसणारा कोन) वाढवला तर फ्रीज फुगल्यासारखा दिसतो. सर म्हणाले, "स्वयंपाकघर आहे की सभागृह?" काय करू?
– विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तू विद्यार्थिनी आहेस म्हणून तुला अरे-तुरेच करते, आणि थोडं सविस्तर सांगते, कारण हे एकदा समजलं की आयुष्यभर पुरतं.

स्केचअपचा मूळ फील्ड ऑफ व्ह्यू ३५ अंश असतो, आणि तो उभा कोन आहे, वरपासून खालपर्यंतचा. तू नऊ फुटांच्या एका टोकाला उभी राहून समोरच्या भिंतीकडे पाहतेस, तर ३५ अंशांत त्या भिंतीचा जेमतेम पावणेसहा फुटांचा पट्टा मावतो. तुझ्या छताची उंची साडेनऊ फूट धरली, तर ओटा आणि वरची कपाटं आली, छत गेलं, लादी गेली. कोन ६० केलास, तर जवळजवळ साडेदहा फूट मावतात. सगळं आलं, पण कडेचा फ्रीज ताणला गेला.

तो का ताणला गेला? पर्स्पेक्टिव्ह चित्र एकाच ठिकाणावरून पाहिलं तर बरोबर दिसतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. पाहणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशातलं चित्र पाहायचं. डोळा दुसरीकडे नेण्याची सोयच त्याने ठेवली नाही. आपल्या चित्राला असं भोक नसतं, पण त्याचीही एक योग्य जागा असते. ६० अंशांत काढलेलं १६:९ चं चित्र ए-३ कागदाच्या पूर्ण रुंदीवर छापलं, तर ते साधारण २० सेंटिमीटरवरून पाहायला हवं. तुझे ज्युरी ते हाताच्या अंतरावरून किंवा बोर्डापासून चार फुटांवरून पाहणार, म्हणून फ्रीज फुगलेला दिसणार. ३५ अंशांचं चित्र त्याच कागदावर ३७ सेंटिमीटरवरून बरोबर दिसतं. हातात धरून कागद पाहण्याचं हे नेहमीचं अंतर, म्हणून ते डोळ्याला शांत वाटतं.

मग छोट्या खोलीत करायचं काय? खोलीबाहेर जायचं. ज्या भिंतीला पाठ लावून उभी आहेस, त्या भिंतीचा वेगळा ग्रुप कर, त्याला वेगळा टॅग दे, आणि या एका व्ह्यूच्या "प" सीनमध्ये तो टॅग बंद कर. कॅमेऱ्याची रेघ भिंतीच्या सहा फूट मागे काढ. आता समोरची भिंत पंधरा फुटांवर गेली. कोन ४० अंश ठेवलास, तर जवळजवळ अकरा फूट मावतात. ओटा, लॉफ्ट, छत, लादी, सगळं आलं आणि फ्रीजही आपल्या मापात राहिला.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे लिही : "कॅमेऱ्यासाठी दक्षिणेची भिंत काढली आहे." रेंडर केलंस, तर त्या उघड्या बाजूने बाहेरचा भरपूर उजेड आत येतो आणि स्वयंपाकघर आहे त्यापेक्षा लख्ख दिसतं. लहान घरांत उजेड हाच खरा प्रश्न असतो, त्याबाबतीत फसवणूक नको. म्हणून मी अशा व्ह्यूचं रेंडर करत नाही, साधी रेषांची स्टाइल आणि फिका रंग ठेवते. उजेड दाखवायचा असेल, तर भिंत बंद ठेवून दारातून एक अरुंद व्ह्यू काढते. ओट्याचा कोपरा आणि खिडकी एवढंच दिसतं. पुरतं तेवढं.

सरांना सभागृह दिसलं, ते बरोबर पाहिलं त्यांनी.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर सीन अगदी नेमका लावला. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर तीच फाइल उघडली, तर डावीकडे खिडकीचा पडदा जास्तीचा दिसायला लागला. कॅमेरा हलला का?
– ड्राफ्ट्समन, पनवेल

उत्तर : कॅमेरा जागेवरच आहे. स्केचअप उभा कोन कायम ठेवतं, आणि विंडो जितकी रुंद तितकं बाजूचं जास्त दाखवतं. मोठ्या स्क्रीनचीच गरज नाही, उजवीकडचा ट्रे (पॅनेलांचा पट्टा) उघडला की विंडो अरुंद होते आणि बाजूचा भाग कापला जातो, ट्रे मिटला की परत येतो. टू-डी ग्राफिक एक्स्पोर्ट करतानाही चित्राचं प्रमाण विंडोच्याच आकारावरून येतं. दोन पर्यायांपैकी एक ट्रे उघडा असताना आणि दुसरा मिटलेला असताना एक्स्पोर्ट केला, तर कॅमेरा एकच असूनही चित्रं जुळत नाहीत. तुमच्या पडद्याचं कारण हेच.

त्यासाठी चित्राची चौकट स्वतः ठरवायला हवी. लेआउट (स्केचअपसोबतचं, पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल, तर तिथे व्ह्यूपोर्टचा (पानावरच्या चित्राच्या चौकटीचा) आकार एकदाच पक्का करा, उदाहरणार्थ रुंदी ३२० आणि उंची १८० मिलिमीटर, आणि त्याच पानाच्या प्रती काढून प्रत्येकावर वेगळा सीन निवडा. फक्त लेआउटमध्ये व्ह्यूपोर्टवर डबल क्लिक करून आत ऑर्बिट करू नका, त्याने तो कॅमेरा सीनपासून सुटतो आणि मॉडेलमध्ये काहीही बदललंत तरी जुळत नाही. स्केचअप प्रोसाठी अ‍ॅडव्हान्स्ड कॅमेरा टूल्स नावाचं एक्स्टेन्शन आहे. त्यात कॅमेऱ्याला प्रमाण देता येतं, चौकटीबाहेरचा भाग राखाडी पट्ट्यांनी झाकला जातो आणि कॅमेरा लॉकही करता येतो. व्ही-रे किंवा एनस्केपमध्ये रेंडर करत असाल, तर तिथली सेफ फ्रेम (चित्राची हद्द दाखवणारी चौकट) चालू ठेवून मगच कॅमेरा लावा.

ऑफिसमध्ये सगळ्यांनी एकच प्रमाण ठरवून घ्या. आम्ही १६:९ घेतो, कारण क्लायंट चित्र मोबाइल आडवा धरून किंवा टीव्हीवर पाहतो.

प्रश्न : आमच्याकडे एकाच फाइलवर तिघे काम करतात. काल सगळे सीन उघडले, तर इमारत स्क्रीनच्या कोपऱ्यात आणि काही सीनमध्ये नुसतं आकाश. अपडेट कुणीच केलं नाही म्हणतात.
– आर्किटेक्ट, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खरंच केलं नसेल. कुणीतरी सगळं सिलेक्ट करून मॉडेल हलवलं असणार, बहुधा साइटचा नकाशा आयात केल्यावर त्याच्यावर बसवायला. सीनमधला कॅमेरा इमारतीला चिकटलेला नसतो, तो ओरिजिनपासून, म्हणजे मॉडेलचे अक्ष जिथे मिळतात त्या बिंदूपासून, मोजलेल्या जागी असतो. इमारत सरकली, कॅमेरे मागे राहिले.

सीन पुन्हा लावत बसू नका, मॉडेल परत जागेवर न्या. किती हललं ते काढायला जुनी फाइल उघडून इमारतीचा एक ठळक कोपरा, समजा जोत्याचा नैऋत्य कोपरा, ओरिजिनपासून कुठे होता ते पाहा आणि त्याच कोपऱ्याला धरून आताचं मॉडेल तिथे आणा. पुढच्या वेळेसाठी जोत्याचा एक कोपरा पहिल्या दिवशीच ओरिजिनवर बसवा आणि तिथे एक फुटाचा लहान ठोकळा ग्रुप करून लॉक करा. लॉक केलेली वस्तू हलत नाही, त्यामुळे कुणी मॉडेल सरकवलं, तर ठोकळा मागे राहतो आणि लगेच लक्षात येतं. नकाशा आणायचा असेल, तर नकाशा हलवा, इमारत नाही. ही सूचना मी ऑफिसच्या भिंतीवर लिहून लावते, आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी तोंडी सांगते.

प्रश्न : नाशिकला बंगला करतोय. दक्षिणेच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा दिला आहे. डिसेंबरच्या दुपारी सावली छज्ज्याखाली जेमतेम फूटभर पडते असं मॉडेल दाखवतं. मिस्त्री म्हणतात, "एवढं ऊन नाही येत हो इकडे." कुणाचं खरं?
– सिव्हिल इंजिनिअर, नाशिक

उत्तर : मिस्त्रींचं. तुमच्या मॉडेलमधला सूर्य नाशिकचा नाही, अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या बोल्डरचा आहे. स्केचअप ज्या कंपनीने २००० साली बाजारात आणलं ती बोल्डरची, आणि तुम्ही स्थान दिलं नाही तर आजही सावल्या तिथल्याच पडतात. बोल्डर ४० अंश उत्तरेला आहे, नाशिक २० अंशांवर. २१ डिसेंबरला भर दुपारी बोल्डरला सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंश वर असतो, नाशिकला ४७ अंश. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तिकडे भिंतीवर एक फूट उतरते, इकडे दोन फुटांहून थोडी जास्त.

मॉडेल इन्फोमध्ये जिओ-लोकेशनच्या पानावर अक्षांश-रेखांश हाताने भरा, सावलीच्या पॅनेलमध्ये वेळेचा विभाग यूटीसी अधिक ५:३० ठेवा, आणि हिरवा अक्ष खरोखर उत्तरेकडे आहे का ते तपासा. नाशिकला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या आसपास, बाराला नाही. आणि जून महिन्यात भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडक्याही एकदा पाहून घ्या. हे सगळं नीट बसलं, की तारखा आणि वेळा "प" सीनमध्ये साठवा : डिसेंबर सकाळी ९, दुपारी १२:३०, संध्याकाळी ५, आणि तसंच मे महिन्याचं. कॅमेरा एकच ठेवून हे सीन पालटले, की छज्जा अर्धा फूट वाढवायचा की नाही, हे मिस्त्री आणि तुम्ही मिळून ठरवू शकाल.

प्रश्न : आम्ही दुबईत स्केचअपऐवजी रेव्हिट हे मॉडेल करायचं सॉफ्टवेअर वापरतो. तिथे उभ्या रेषा झुकतात, त्यासाठी काय?
– बीआयएम मॉडेलर, दुबई

उत्तर : कॅमेरा व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये आय एलिव्हेशन (डोळ्याची उंची) आणि टार्गेट एलिव्हेशन (जिकडे पाहायचं त्या बिंदूची उंची) असे दोन आकडे आहेत. ते दोन्ही सारखे करा, रेषा उभ्या होतील. पर्यायांसाठी व्ह्यू डुप्लिकेट करा, नवा काढू नका, आणि काय दिसावं-न दिसावं ते व्ह्यू टेम्प्लेटवर (साठवून ठेवलेल्या व्ह्यूच्या सेटिंगवर) सोपवा. क्रॉप रीजन (चित्राची चौकट) बदलायचा तर माउसने ओढू नका, साइज क्रॉपमध्ये आकडा द्या.

प्रश्न : मी वास्तुतज्ज्ञ नाही, आमच्या सोसायटीच्या समितीत आहे. पुनर्विकासासाठी बिल्डरने नव्या टॉवरचं चित्र आणलं, आमच्या गल्लीच्या फोटोवर बसवलेलं. चित्रात टॉवर बाजूच्या सात मजली इमारतीच्या फारसा वर दिसत नाही, कागदावर मात्र तो बावीस मजली आहे. चित्र खरं की खोटं, हे आम्हाला कसं कळणार?
– गृहनिर्माण सोसायटीच्या सभासद, ठाणे

उत्तर : या सदराला असं पत्र आलं, याचं मला फार बरं वाटलं. हा प्रश्न प्रत्येक सोसायटीने विचारायला हवा.

चित्र मुद्दाम खोटं असेलच असं नाही, पण कॅमेरा कुठे ठेवला त्यावर सगळं ठरतं. ड्रोनने वरून घेतलेल्या फोटोत गल्ली पसरट दिसते आणि उंची दबते. बाजूची इमारत कॅमेऱ्याजवळ आणि टॉवर लांब असेल, तरी तो बुटका दिसतो. म्हणून पहिली मागणी अशी करा : कॅमेरा कुठे उभा होता ते नकाशावर खूण करून द्या, जमिनीपासून त्याची उंची सांगा, लेन्स किती मिलिमीटरची ते सांगा, आणि फोटोची तारीख द्या. हे काही जगावेगळं नाही. ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूटच्या २०१९ च्या मार्गदर्शनात अशा चित्रांसाठी ५० मिलिमीटरची लेन्स प्रमाण मानली आहे, आणि लंडनमध्ये ठरावीक जागांवरून दिसणारी दृश्यं जपण्यासाठी नियोजनाची वेगळी चौकटच आहे. आपल्याकडे सोसायटीनेच ते मागून घ्यायचं.

दुसरी तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, पट्टी आणि पेन्सिलने. चित्र छापून घ्या. रस्त्याच्या कडा, कंपाउंडची भिंत, इमारतीच्या मजल्यांच्या आडव्या रेषा, अशा जमिनीला समांतर आणि एकमेकींना समांतर असलेल्या रेघा पट्टीने पुढे वाढवा. त्या एका बिंदूत मिळतील. त्या बिंदूतून आडवी रेघ काढा, ती क्षितिजाची. सपाट रस्त्यावर कॅमेऱ्याइतक्या उंचीच्या सगळ्या वस्तू या रेघेवर येतात, जवळच्या असोत की लांबच्या. माणसाच्या उंचीवरून फोटो काढला असेल, तर उभ्या माणसांची डोकी रेघेच्या आसपासच असायला हवीत, आणि रेघ रिक्षाच्या टपाच्याही थोडी खाली जायला हवी. रेघ बाजूच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यातून जात असेल, तर फोटो वरून घेतला आहे. मग हेच टॉवरच्या रेषांचं करा. टॉवरच्या मजल्यांच्या रेषा वाढवल्यावर त्यांचा बिंदू याच आडव्या रेघेवर आला पाहिजे. तो वर किंवा खाली आला, तर टॉवर एका कॅमेऱ्याने आणि गल्ली दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेली आहे, आणि ते चित्र समितीने स्वीकारू नये.

तिसरं, चित्र करणाऱ्याला सांगा की गल्लीचा फोटो न कापता, जसा कॅमेऱ्यातून आला तसा वापरा. स्केचअपमधलं मॅच फोटो असं चित्र जुळवण्यासाठीच आहे, पण फोटो कापलेला असेल, तर त्याचा अंदाज चुकतो. इमारतीचा एक कोपरा आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसतील असा फोटो घ्या, म्हणजे लाल आणि हिरव्या अक्षांच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या रेषांवर बसवता येतात. मग ओळखीच्या एका मापाने, समजा कंपाउंडच्या भिंतीच्या पाच फुटांनी, मॉडेलचं प्रमाण लावायचं. बाजूच्या सात मजली इमारतीचाही साधा ठोकळा मॉडेलमध्ये उभा करायला लावा. तो फोटोतल्या इमारतीवर तंतोतंत बसला, तर टॉवरच्या उंचीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि व्ह्यू तुम्ही निवडा, बिल्डरने नाही. सोसायटीच्या फाटकातून, शाळेच्या बसच्या थांब्यावरून, आणि मागच्या गल्लीतल्या ज्या घरांचं ऊन जाणार आहे त्यांच्या खिडकीतून, असे तीन पुरे. प्रत्येक जागेवर आजचा फोटो आणि तोच कॅमेरा ठेवून टॉवरसकट चित्र, अशी जोडी मागा. दोन्ही चित्रं एकाच मापाची, एकाच चौकटीची हवीत. सर्वसाधारण सभेत ती शेजारी शेजारी लावू नका, स्क्रीनवर एकाच जागी एकामागोमाग दाखवा, म्हणजे काय वाढतंय ते मागच्या रांगेतल्या आजोबांनाही दिसेल. मागच्या गल्लीतल्या घरांची जोडी डिसेंबरच्या सकाळी नऊची घ्या, त्या वेळी सूर्य खाली असतो आणि सावली लांबवर पोचते.